वयनींनी पास केलेले सिनेमे

शेजारच्या वयनी कुठल्याही सिनेमाची चौकशी एकाच प्रश्नानं करतात. "भाऊजी, रडू येते का त्याच्यात?" येत असेल तर सिनेमा पास. आधी हसू येऊन मग रडू येत असेल तर पहिल्या वर्गात पास. नुसतंच हसू येत असेल तर "टाइमपास हाय" म्हणून काठावर. आणि दोन्ही येत नसेल, तर त्या सिनेमाला दिल्लीहून बक्षीस मिळो की परदेशातून, वयनी कोथिंबिरीच्या काड्या कुंपणापलीकडे टाकून उठतात. काड्या माझ्या बाजूला पडतात, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

मी सिनेमाच्या बाबतीत जरा जास्तच शिकलेला माणूस. नोकरीत होतो तेव्हा सुटी मिळाली की अकोल्याची गाडी पकडायची आणि थेटरात बसायचं, एवढाच छंद. आता थेटर खिशातल्या मोबाइलमध्ये आलंय. सिनेमा कोणत्या सालचा, दिग्दर्शक कोण, मूळ कथा कुठून उचलली, हे मला तोंडपाठ असतं. वाशीममध्ये त्याचा उपयोग शून्य. सोयाबीनचा भाव सांगणाऱ्याला इथं खुर्ची मिळते, सिनेमाचं साल सांगणाऱ्याला नाही. फक्त वयनी ऐकून घेतात, आणि तेही भाजी निवडून होईपर्यंत.

'माहेरची साडी' हा वयनींच्या घरचा मापदंड. 1991 सालचा, विजय कोंडके यांचा सिनेमा. वयनी तेव्हा नव्या नवऱ्या होत्या आणि सिनेमा दाखवायला नेलं ते सासूबाईंनी.

"सासूबाई माह्यापेक्षा जास्त रडल्या भाऊजी. अलका कुबलसाठी पदर वला केला त्याइनं. अन् घरी आल्यावर मलेच भांडे घासाले बसवलं."

एवढ्या तीन वाक्यांत त्या सिनेमाचं जे परीक्षण झालं, ते मला चार पानांत जमलं नसतं. पण शिकलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. मी म्हणालो, "वयनी, तो सिनेमा मुळात आपला नाहीच. 'बाई चाली सासरिये' नावाचा राजस्थानी सिनेमा होता, 1988 सालचा. त्याच्यावरून केलाय."

"मंग? पाणी राजस्थानाचं असो का काटेपूर्णेचं, डोयातून आलं म्हंजे आपलंच."

हा मुद्दा मला मान्य आहे. मराठी माणूस ज्या विनोदी सिनेमांवर जीव टाकतो, त्यांतलेही अनेक बाहेरून आलेले. 'अशी ही बनवाबनवी' 1988 मधली. तिचं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये, 1966 सालच्या. दिग्दर्शक म्हणून महेश कोठारेंचा पहिला सिनेमा 'धुमधडाका', 1985 मधला. त्याचं मूळ श्रीधर यांच्या 1964 च्या तमिळ सिनेमात, मधे 'प्यार किये जा' नावाचं हिंदी वळण घेऊन आलेलं. उसनं आणलं म्हणून मी नाक मुरडत नाही. उसनं आणून घरचं केलं की नाही, एवढंच बघतो. आणि इथं माझं मत गल्लीतल्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे: 'बनवाबनवी'पेक्षा 'धुमधडाका' सरस. 'बनवाबनवी'त प्रसंग विनोदी आहेत. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन असले की निम्मं काम आपोआप होतं. 'धुमधडाका'त अशोक सराफ खोटा श्रीमंत बाप बनून तोंडात पाइप धरतो आणि त्या पाइपच्या ठसक्यातून जे काही काढतो, ते कुणी कागदावर लिहून देऊ शकत नाही. तमिळमध्ये तो ठसका नव्हता. तो आपला.

"मले बनवाबनवीच आवडते," वयनी म्हणाल्या. "त्याच्यात भाड्याच्या घराचं दुख हाय. आमी सात वर्सं भाड्यानं राह्यलो."

निकाल लागला. अपील नाही.

निळू फुले यांच्याबद्दल मात्र वयनींचं मत फिरवण्याचं श्रेय मी घेतो. त्यांच्या लेखी तो वाईट माणूस. पडद्यावर दिसला की बायका पदर सावरून बसायच्या, असा त्याचा लौकिक. मी त्यांना 'सामना'ची गोष्ट सांगत होतो. 1975 सालचा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. बर्लिनच्या महोत्सवात जाऊन आलेला. साखर कारखानदार हिंदुराव म्हणजे निळू फुले आणि कुठूनसा गावात येऊन पडलेला दारुडा मास्तर म्हणजे डॉ. लागू. हिंदुराव त्या म्हाताऱ्याला उचलून घरी आणतो, खाऊपिऊ घालतो, आणि तो म्हातारा एका मेलेल्या माणसाबद्दल एकच प्रश्न विचारत राहतो. निळूभाऊ त्या सिनेमात ओरडत नाहीत. सत्ता अंगात मुरलेला माणूस आवाज कशाला चढवेल? त्या काळात आपल्या पडद्यावर हे समजलेला दुसरा नट मला दिसत नाही. पुढं त्यांना शंभर पाटील आणि सरपंच करायला लावले आणि आपण त्यांना त्यावरूनच ओळखत राहिलो, हा आपल्या निर्मात्यांचा आळस.

वयनी ऐकत होत्या, पण भाव बदलत नव्हता. मग मी हुकमाचं पान टाकलं. "वयनी, तो माणूस खरा सेवादलातला. अन् नट होण्याआधी पुण्यात लष्कराच्या मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचा."

वयनींच्या हातातली मेथी थांबली. त्यांच्या अंगणात अकरा कुंड्या गुलाब आहेत.

"माळी होता?"

"माळी."

"मंग नसन वाईट," त्या म्हणाल्या. तेव्हापासून निळू फुले पास.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला तेव्हा कुंपणावरची सभा तापली. तो आमच्यापेक्षा शिकलेला. त्याला सिनेमात गाणं चालत नाही, पार्श्वसंगीत चालत नाही, कॅमेरा हललेलाही फारसा चालत नाही. त्यानं वयनींना आग्रहानं 'कोर्ट' दाखवला. चैतन्य ताम्हाणेचा, 2015 मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरलेला आणि त्याच वर्षी भारताकडून ऑस्करला धाडलेला. मुंबईत गटारात उतरणारा एक सफाई कामगार मरतो आणि त्यानं आत्महत्या केली ती तुमच्या गाण्यामुळे, असा आरोप ठेवून एका म्हाताऱ्या लोकशाहिराला कोर्टात उभं करतात. शाहिराचं काम नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केलंय. 2021 मध्ये करोनानं गेले. त्या चेहऱ्यावर नट कुठं दिसत नाही. कोर्टाच्या तारखांना सरावलेला माणूस दिसतो.

मला वाटलं वयनी झोपणार. रडू नाही, हसू नाही, आणि तारखांवर तारखा. पण दुसऱ्या दिवशी कुंपणाशी आल्या त्या रागावलेल्याच.

"भाचेबुवा, थे सरकारी वकील बाई पायली का? दिवसभर कोर्टात भांडते, पोराले आनते, अन् घरी येऊन सैपाक बी तिनंच कराचा? नवरा काऊन टीवीपुढं?"

भाचा म्हणाला, "काकू, तोच तर मुद्दा आहे."

"मुद्दा हाय म्हंजे तुले समजला. मंग ऊठ, आपलं ताट धुऊन ठेव."

'कोर्ट' रडू आणि हसू दोन्ही न येता पास झालेला पहिला सिनेमा. भाच्यानं ताट धुतलं.

आता माझं मूळ दुखणं. मराठी पडद्यावर आणि टीव्हीवर आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला दोनच नोकऱ्या आहेत. एक तर तो हसवतो, नाही तर गळफास घेतो. पुण्याच्या माणसाला पडद्यावर प्रेम करता येतं, नोकरी बदलता येते, फ्लॅट घेता येतो, उगाच बाल्कनीत उभं राहून विचार करता येतो. कोल्हापूरकराला कुस्ती आणि तांबडा रस्सा मिळतो, तेही ठीक. आमचा माणूस तोंड उघडतो तोच प्रेक्षक हसायच्या तयारीत बसतात. 2014 मध्ये 'चला हवा येऊ द्या' सुरू झालं आणि भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडी बोली घरोघरी नेली. माणूस गुणी आहे, वेळेचं भान पक्कं आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यानंतर आमचा भाचा पुण्यात "मले" म्हणाला तरी पोरं टाळ्या देतात. तो बिचारा मेसचा डबा आला नाही म्हणून सांगत असतो.

हे मी तावातावानं बोललो. वयनी शांतपणे म्हणाल्या, "अन् राधिका?"

मी गप्प.

"नागपूरची राधिका. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली. ते काय हसवत होती? का फास घेतला तिनं?"

वयनींनी ती मालिका 2016 पासून 2021 पर्यंत, जाहिरातींसकट, पाहिली आहे. तिथं माझं काय चालणार? तरी मी म्हणालो, की नवऱ्याला तिच्या बोलण्याचीच तर लाज वाटत होती, आणि काम करणारी अनिता दाते नाशिकची.

"नाशिकची असो. बोलली तं आपल्यासारखी ना? अन् लाज वाटनारा नवरा राह्यला बाजूले, हिनं मसाल्याची कंपनी काढली. मराठीतली कोनती हिरोईन कंपनी काढते सांगा बरं? साऱ्या नुसत्या देवापुढं उभ्या राह्यतेत."

मालिका पुढं वाटेल तशी ताणली, शनाया आली, गेली, परत आली, हा भाग वेगळा. पण मुद्दा बिनतोड होता. हिशेबात मी आता एक राधिका धरतो. एकच.

फासाच्या बाजूनं बोलायचं तर मला 'गाभ्रीचा पाऊस' सोडून दुसरा सिनेमा काढवत नाही. सतीश मनवर यांचा पहिला सिनेमा, 2009 मधला. शेजारच्या शेतकऱ्यानं जीव दिल्यावर त्यातल्या अलकाच्या मनात भीती बसते, की आपला नवरा किसनाही तसंच काही करील. मग ती काय करते? नवऱ्याच्या मागं लहान पोराला पाळतीवर लावते, आणि घरात गोडधोड करून घालते. किसना वावरात निघाला की पोरगं मागं. झाडाशी थांबला की पोरगं तिथं. किसनाला कळेना, की बायको अचानक एवढी लाडात का आली आणि पोरगं पाठ का सोडत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघांनी यात कुठंही दया मागितलेली नाही. आत्महत्येवरचे बाकीचे सिनेमे पहिल्या दृश्यापासून आपल्याला सुतकात बसवतात. हा सिनेमा घर दाखवतो: ज्योती सुभाषांची कुरकुरणारी म्हातारी, पावसाची वाट, बियाण्याची उधारी, आणि मधेच नवरा-बायकोची थट्टा. आमच्या जिल्ह्यात ज्यांच्या घरात हे घडलंय, त्या घरांतही आदल्या दिवशी कुणीतरी हसलेलं असतं. कॅमेरा घेऊन नंतर येणाऱ्यांना ते सापडत नाही.

वयनी बघताना हसल्या. नंतर म्हणाल्या, "पोरगं बापाच्या मांगं मांगं पयते तवा मी हसली. मंग म्या टीवी बंदच केला. सकाळी उठून उरलेला पायला."

पास की नापास, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ऐतिहासिक सिनेमांचा विषय मी मुद्दाम काढतो, कारण तिथं माझ्याकडे वाशीमचा दावा आहे. शिवकाळावर सिनेमे येतात, यावेतच. 'पावनखिंड' झाला, 'छावा'नं तर सगळ्यांना हिंदीतून रडवलं. पण आमचं गाव म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 मध्ये इथं ताम्रपट सापडला तेव्हा ही शाखा नीट उजेडात आली. इथला राजा हरिषेण, आणि त्याचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं त्या वराहदेवानं करवलं, तसा लेख तिथं कोरलेला आहे. जग अजिंठा बघायला येतं आणि त्याचा खर्च करणारं गाव कुणाला माहीत नाही. एवढंच नाही, राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात.

"आपल्या वाशीममदी?" वयनींनी मान वर केली.

"आपल्या वाशीममध्ये. गांधर्व विवाह."

"म्हंजे पळून जाऊन?"

"तसंच काहीसं."

वयनी विचारात पडल्या. "मंग सिनेमा होते भाऊजी. पळून जाऊन लग्न, तिच्या घरच्याचा इरोध, अन् शेवटी माय येऊन पोरीले जवळ घेते. हाव. रडू येते."

भाच्यानं लगेच पात्रं वाटली. हरिषेण कोण, वराहदेव कोण, यावर त्याचं आणि माझं जमलं नाही. त्याला सगळीकडे नवे चेहरे पाहिजेत आणि मला राजाच्या भूमिकेत आवाज असलेला माणूस. वयनींची अट एकच: मुलीची आई अलका कुबल.

तेव्हा वाचणाऱ्यांत कुणी पटकथा लिहीत असेल, तर त्यांना विनंती. वाकाटक झेपत नसतील तर राहू द्या, खर्चाचं काम आहे. आजच्या वाशीमचा एक साधा माणूस घ्या, त्याला शेजाऱ्याशी कुंपणाच्या दीड फुटाचा वाद द्या, पोरीच्या लग्नाची घाई द्या, आणि वऱ्हाडीत बोलू द्या. त्याला विनोदवीर करू नका आणि मारूही नका. तिकीट आम्ही काढू. वयनींचं मी काढीन.