श्री. स्मार्ट सिग्नल यांस

मुक्काम : सोलापूर रस्ता, हडपसर

सा.न.वि.वि.

काल संध्याकाळी आईला आपल्या दर्शनाचा योग आला. पायी जाणाऱ्यांचा दिवा लागला, ती काठी टेकत निघाली आणि जेमतेम दुभाजकाशी पोचते तोच आपण मोटारींना हिरवा कंदील दाखवलात. एका हातात काठी, दुसऱ्यात मेथीची जुडी, पुढून बस, मागून टेम्पो. आपल्या डोक्यावरचा कॅमेरा हे बघत होता ना?

बघत असेल, पण मोजत नसेल. पुण्यातल्या 125 चौकांत आपली भावंडं बसवली आहेत. कुठल्या बाजूला रांग किती, हे कॅमेऱ्यानं टिपायचं, नियंत्रण कक्षाला कळवायचं आणि त्या हिशेबानं हिरव्याचे सेकंद कमी-जास्त करायचे. रांग कुणाची? गाड्यांची. स्कूटरवरचा कॉलेजकुमार आपल्या खात्यात जमा. मेथी घेऊन उभी बाई, निरंक. नियमपुस्तक पायी माणसाचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरतं. गुडघे झिजलेल्या बाईनं तो कुठून आणायचा, साहेब? टोरांटोनं 1963 मध्ये सिग्नल संगणकाला जोडले. साठ वर्षांत यंत्रं अख्ख्या शहराची वाहनं मोजायला शिकली आणि एक म्हातारी मोजता येईना? लाज वाटायला हवी होती, तुम्हाला शिकवणाऱ्यांना.



आषाढी वारीत याच हडपसरहून ज्ञानोबांची पालखी सासवडकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरकडे. त्या दिवशी तुमचं गणित गुंडाळून ठेवतात आणि लाखो पायांना वाट मिळते. एरवी पायी चालणारा म्हणजे अडगळ.

तसा तुमचाही जीव मेटाकुटीला येत असणार. पुढचाच चौक तुंबलेला, मग हिरवा देऊन गाड्या पाठवायच्या कुठे? रस्ता काठोकाठ भरला की कसलीही प्रणाली हात टेकते. 2006 मध्ये याच रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका काढली. ती मोडीत निघाली, गाड्या वाढत राहिल्या. शेवटी धुरात उभा हवालदार शिट्टी फुंकतो, तेव्हा तुमची अक्कल पेटीतच, आणि लोकांच्या शिव्या मात्र तुम्हालाच. त्यात माझी एक धरा, पण अर्धीच.

तेवढं एक बटण बसवून घ्या. दाबलं की म्हाताऱ्या माणसाला पार पलीकडच्या फुटपाथपर्यंत वेळ मिळेल असं. आणि दाबल्यावर खरंच काहीतरी व्हावं, ही विनंती.

कळावे,
आपल्या नोंदीत नसलेला,
एक पादचारी