बोट लावीन तिथं अपग्रेड

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज ८ बाजारात आणली आणि ऑफिसातल्या भल्याभल्यांना प्रश्न पडला: हा कॉम्प्युटर बंद कुठून करायचा?

विंडोज ९५ पासून डाव्या कोपऱ्यात खाली 'स्टार्ट' नावाचं बटण होतं. बंद करायलाही 'स्टार्ट'च दाबावं लागे, पण त्यावरचे विनोद शिळे झाले होते आणि हाताला रस्ता पाठ झाला होता. विंडोज ८ नं ते बटणच उडवलं आणि स्क्रीनभर रंगीत फरश्या बसवल्या. बंद करायचं तर माउस उजव्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी सरकत बाहेर येते का बघायचं, पट्टीत 'सेटिंग्ज', तिच्यात 'पॉवर', त्यात 'शट डाउन'. माउस कोपऱ्यातून जरा ढळला की पट्टी गायब. त्यापेक्षा भिंतीवरचा स्विच जवळ!

या फरश्या होत्या बोटासाठी. २०१० साली ॲपलचा आयपॅड आला, लोक काचेवर बोटं फिरवायला लागले आणि मायक्रोसॉफ्टच्या पोटात गोळा आला. उपाय काय केला? ज्यांच्याकडे टचस्क्रीन नाही, ज्यांनी ती मागितलेली नाही, ज्यांच्या टेबलावर साधा मॉनिटर आणि वायरचा माउस आहे, त्यांच्या स्क्रीनवर बोटाएवढाल्या फरश्या. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग बाजारानं आपलं काम केलं. स्टारडॉक नावाच्या कंपनीनं हरवलेलं स्टार्ट बटण परत बसवून देणारं सॉफ्टवेअर काढलं. किंमत पाच डॉलरला एक सेंट कमी. म्हणजे अपग्रेडचे चाळीस डॉलर देऊन बटण घालवायचं आणि वर पाच देऊन ते परत आणायचं. विंडोज ८ चे कर्तेधर्ते स्टीव्हन सिनॉफ्स्की तीन आठवड्यांच्या आत कंपनीतून बाहेर पडले. वर्षभरानं ८.१ मध्ये बटण परत आलं, पण दाबलं की समोर पुन्हा त्याच फरश्या! खरा मेन्यू मिळायला २०१५ ची विंडोज १० उजाडावी लागली. मधला नऊ आकडा कंपनीनं गाळलाच. एवढ्या शोभेनंतर आठपासून जमेल तितकं लांब जाणंच शहाणपणाचं.

टचस्क्रीनवर आमचा राग नाही. ज्या आजीनं जन्मात कीबोर्डला हात लावला नाही ती आज नातवाला व्हिडिओ कॉल लावते, भाजीवाली पैसे आल्याचं काचेवरच बघते. बघायला, निवडायला, सरकवायला बोटासारखं दुसरं काही नाही. घोळ होतो तो काम करताना. काचेवर बोटाला काहीच कळत नाही. 'हो' आणि 'नाही' दोन्ही सारखेच गुळगुळीत. त्यामुळे प्रत्येक वेळी डोळ्यांना बोटामागून फिरावं लागतं.

कीबोर्डचं तसं नाही. एफ आणि जे या दोन कळांवर बारीकशी उंच रेघ असते, चाचपून बघा. इन्स्क्रिप्ट या मांडणीत मराठी टाइप करणाऱ्याला तिथे पहिली वेलांटी आणि र सापडतात. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. तर्जन्या रेघांवर टेकल्या की बाकीची बोटं आपापल्या घरी जाऊन बसतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीच्या दुकानात ऐन मोसमात जाऊन बघा. ऑपरेटरची नजर हस्तलिखितावर. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' आणि खालची आत्या-मावश्यांची फौज तो स्क्रीनकडे न बघता उतरवतो. मध्येच गिऱ्हाईक 'मामांचं नाव राहिलं' म्हणून ओरडतं, तेव्हाच मान वर होते.

आता याच माणसाला सांगा, कॉम्प्युटर अपग्रेड कर. तो हात जोडेल. मराठीचे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसलेले. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की वधूपित्याच्या नावाच्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. पानं लावायच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. जुनं सॉफ्टवेअर, जुने फॉन्ट आणि जुनी विंडोज असं त्रिकूट एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उभं आहे. एकाला हलवलं की तिघंही आडवे. म्हणून कोपऱ्यातलं विंडोज एक्सपी चालवणारं मशीन इंटरनेटपासून लांब, देव्हाऱ्यासारखं जपलेलं असतं. याला मागासलेपण म्हणणाऱ्यानं ऐन लग्नसराईत एक दिवस त्या खुर्चीत बसून दाखवावं.

बोटानं उभ्या स्क्रीनवर काम करायची हौस तशी जुनीच. ह्युलेट-पॅकार्डनं १९८३ सालीच एचपी-१५० नावाचा टचस्क्रीनचा कॉम्प्युटर आणला होता. समोर हात लांब करून थोडा वेळ काम केलं की खांदा भरून येतो. इंग्रजीत या दुखण्याला 'गोरिला आर्म' असं नावही पडलं. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनं मॅकच्या कार्यक्रमात हेच सांगितलं: उभ्या पडद्याला स्पर्श करत बसलं की हात गळून पडायची वेळ येते. दोन वर्षांनी फरश्या आल्या त्या हे सगळं माहीत असताना. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

ॲपलवाल्यांनीही फार हसू नये. बोटाच्या राज्यात माउसला बंदी करणाऱ्या आयपॅडला २०१५ मध्ये कंपनीनंच कीबोर्ड जोडला आणि मार्च २०२० मध्ये माउस-ट्रॅकपॅडचा कर्सर दिला. लोकांना त्यावर काम करायचं होतं, त्याला कोण काय करणार!

हे सगळं हसण्यावारी नेता येतं, कारण ऑफिसात फार तर फाइल बुडते. समुद्रावर माणसं बुडतात. २१ ऑगस्ट २०१७ रोजी सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी गेले. सुकाणू आणि वेग दोन्ही टचस्क्रीनवर. गोंधळात सुकाणूचा ताबा एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला, तो कुठे गेला हे कळेना. दोन्ही बाजूंचा वेग कमी करतोय असं वाटलं, झाला एकाच बाजूचा. प्रशिक्षण आणि देखरेखीतही ढिलाई होतीच, पण चौकशीत टचस्क्रीनच्या मांडणीवरही बोट ठेवलं गेलं. हातात दोन दांडे असते तर एक पुढे आणि एक मागे आहे हे तळव्याला अंधारातही कळलं असतं. २०१९ मध्ये नौदलानं वेगाचे खरेखुरे दांडे परत बसवायचं ठरवलं.

मोटारींची तीच कथा. डॅशबोर्डवर टीव्हीएवढी काच लावून एसीपासून वायपरपर्यंत सगळं तिच्यात कोंबण्याची फॅशन आली. खंडाळ्याच्या घाटात धुवांधार पावसात वायपरचा वेग मेन्यूत शोधणं म्हणजे काय, ते शोधणाऱ्यालाच ठाऊक. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपनं २०२६ पासून नियम बदलले: पैकीच्या पैकी गुण हवेत तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या गोष्टींना खरी बटणं किंवा दांडे द्या. हॉर्नला बटण असावं हे लिहून द्यावं लागतं, इथवर प्रगती आली.

आणि अपग्रेडचा गाडा थांबलेला नाही. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका माणसानं जाहीर व्यासपीठावरून विंडोज १० ही शेवटची विंडोज असल्याचं सांगितलं होतं. २०२१ मध्ये विंडोज ११ आली. चांगलं चालणारं २०१६ चं मशीन तिला चालेना. प्रोसेसर नवा हवा, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला गेला. सुरक्षेचं कारण खोटं नाही, आधार नसलेली सिस्टिम इंटरनेटवर वापरू नये हेही खरं. पण सुरक्षेच्या औषधासोबत जागा बदललेली बटणं का गिळायची?

स्टार्ट बटणच घ्या. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मोजून दाखवलं की निशाणा जितका मोठा आणि जवळ तितका हात लवकर पोचतो. माउसपुरतं पाहिलं तर स्क्रीनचा कोपरा सगळ्यात सोपा, कारण कितीही जोरात माउस भिरकावला तरी बाण कोपऱ्याच्या बाहेर जाऊ शकत नाही. डोळे मिटून मारा, लागतो. विंडोज ११ नं बटण कोपऱ्यातून उचलून तळाच्या रांगेत मधोमध आणलं, आणि तिथे एकेक प्रोग्रॅम उघडत गेलं की ते डावीकडे सरकत जातं! सेटिंग्जमध्ये जाऊन ते परत कोपऱ्यात नेता येतं, पण आपलीच वस्तू आपल्याच जागी ठेवायला अर्ज का करायचा?

नव्या आवृत्तीची किंमत जाहीर होते, कधी ती फुकटही मिळते. त्या बिलात एक रक्कम कधीच छापत नाहीत: लाखो हातांना वर्षानुवर्षं पाठ झालेला रस्ता एका रात्रीत उखडण्याची. ती कंपनीच्या वहीत शून्य असते आणि आपल्या मनगटातून वसूल होते. त्यांच्या भीतीपायी, हौसेपायी, कधी नुसत्या दिखाव्यापायी.

विंडोज ८ च्या फरश्या ज्यांनी घडवल्या, त्यांनीही त्यांचा कोड कीबोर्डवरच बडवला असणार. काचेवर बोटं घासून सबंध ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणारी टीम दाखवा. आम्ही आमचा माउस स्वतःहून माळ्यावर टाकतो. तोवर अपग्रेडच्या खिडकीत 'आत्ता करा' आणि 'रात्री करा' यांच्या शेजारी तिसरं बटण द्या. त्यावर एवढंच लिहा: बाकी काय ते दुरुस्त करा, बटणांना हात लावू नका.