एच म्हणजे वीज, एच म्हणजे हॉटेल

टोरंटोच्या शेअर बाजारात 'एच' म्हणजे हायड्रो वन, ओंटारिओ प्रांतात वीज वाहून नेणारी कंपनी. न्यूयॉर्कच्या बाजारात 'एच' म्हणजे हयात हॉटेल. टोरंटोत 'एल' म्हणजे लोब्लॉ, किराणा दुकानांची साखळी. न्यूयॉर्कला 'एल' म्हणजे लोज, जिचा मुख्य धंदा विम्याचा. 'टी'ची गंमत तर विचारूच नका. टोरंटोत टेलस, न्यूयॉर्कला एटी अँड टी. दोन्ही फोनवाल्याच, त्यामुळे घोळ झालाय हे कळायलाही महिने जातात. रात्री जेवणं आटोपल्यावर सोफ्यावर पाय पसरून, मोबाइलवर एक अक्षर टाकून खरेदीचं बटण दाबणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी बाजार उघडल्यावर समजतं की आपण विजेच्या तारांऐवजी हॉटेलच्या गाद्यांचे भागीदार झालो.

कॅनडातला घरगुती गुंतवणूकदार मोठ्या आवाजात विचारतो तो प्रश्न एकच: "कुठला शेअर घेऊ?" या प्रश्नाला उत्तरं देणारे ढीगभर असतात. पैसा गळतो तो मात्र दुसरीकडून. कुठल्या चलनात घेतला, कुठल्या खात्यात ठेवला, कुठला फॉर्म भरायचा राहिला, हे प्रश्न कोणी चारचौघांत काढत नाही, कारण त्यांत ऐट नाही. शॉपिफायचा शेअर घेतला म्हणून सांगितलं की लोक माना वळवून बघतात. टी-अकरा-पस्तीस नावाचा फॉर्म वेळेवर भरला म्हणून सांगितलं की लोक उठून चहाकडे जातात.

टोरंटो परिसरातल्या मराठी मंडळींत अशा प्रश्नांसाठी एक काका हमखास सापडतात. निवृत्त इंजिनिअर, एका हातात प्रसादाची पुडी, दुसरा हात समोरच्याच्या खांद्यावर. ते सल्ला देत नाहीत, असं ते सुरुवातीलाच सांगतात आणि मग पाऊण तास सल्ला देतात.

"काका, रॉयल बँक टोरंटोत घेऊ की न्यूयॉर्कमध्ये? तिकडे स्वस्त दिसतोय."

हा प्रश्न दर वर्षी नव्या माणसाकडून येतो आणि काका दर वर्षी नव्याने कपाळाला हात लावतात. रॉयल बँकेचा शेअर दोन्हीकडे मिळतो, दोन्हीकडे सिम्बॉल 'आरवाय'च. न्यूयॉर्कचा आकडा लहान दिसतो कारण तो अमेरिकन डॉलरमध्ये असतो, आणि गेली काही वर्षं एका अमेरिकन डॉलरला सव्वा ते दीडच्या दरम्यान कॅनेडियन डॉलर मोजावे लागतात. हिशेब केला की दोन्ही भाव जवळजवळ तेच. सेल वगैरे काही नाही. उलट कॅनेडियन डॉलरचे अमेरिकन डॉलर करून घेताना ब्रोकर साधारण दीड टक्का आपल्याकडे ठेवतो. ही रक्कम वेगळी दिसत नाही, दरातच मुरवलेली असते. पाच डॉलरच्या कमिशनवरून ब्रोकर बदलणारा माणूस दहा हजार डॉलर बदलताना दीडशे डॉलर निमूटपणे सोडून देतो, कारण ते गेलेले त्याला दिसतच नाहीत.

यावर एक तोडगा आहे आणि त्याला चक्क एका माणसाचं नाव आहे: नॉर्बर्ट श्लेंकर, ब्रिटिश कोलंबियातले गुंतवणूक सल्लागार. त्यांच्या या युक्तीला सगळा देश 'नॉर्बर्ट्स गॅम्बिट' म्हणतो. दोन्ही चलनांत विकला जाणारा एखादा शेअर किंवा फंड कॅनेडियन डॉलरने घ्यायचा, ब्रोकरला सांगून तो खात्याच्या अमेरिकन बाजूला हलवायचा आणि तिकडे अमेरिकन डॉलरमध्ये विकायचा. यासाठी लोक बहुधा 'डीएलआर' नावाचा फंड वापरतात. त्यात अमेरिकन डॉलरची रोकडच असते, त्यामुळे मधल्या दिवसांत भाव फिरून फटका बसत नाही. प्रकार पूर्ण कायदेशीर आहे. तरीही पहिल्यांदा करणारा माणूस बायकोला खोलीचं दार लावायला सांगतो. मोठ्या रकमेला हा उपाय छान. पाचशे डॉलरसाठी करणाऱ्याचं कमिशन आणि फोनवर थांबण्याचा वेळ धरला तर नॉर्बर्टसाहेबही हात जोडतील.

दुसरी गळती खात्यांची. २००९ साली कॅनडात टीएफएसए नावाचं खातं सुरू झालं. त्यात टाकलेल्या पैशांवर झालेला नफा, व्याज, लाभांश, सगळं करमुक्त. यात शेअर ठेवता येतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. बँकेच्या खिडकीवर उघडलं म्हणून ते मुदत ठेवीतच अडकवून बसतात. पण खरी फजिती नव्याने आलेल्यांची होते. सुरुवातीपासूनच्या सगळ्या वर्षांची मर्यादा २०२५ पर्यंत जोडली तर १,०२,००० डॉलर भरते. हा आकडा ऑफिसातला सहकारी सांगतो, आणि तो त्याच्यापुरता बरोबर असतो, कारण तो २००९ साली अठरा वर्षांचा होता आणि इथेच राहत होता. २०२३ मध्ये पुण्याहून आलेल्याची मर्यादा २०२३ पासूनच मोजली जाते: ६,५०० अधिक ७,००० अधिक ७,०००, म्हणजे २०२५ पर्यंत २०,५००. त्याने पुण्यातली जागा विकून आलेले पैसे उत्साहाने एक लाखापर्यंत भरले, तर जास्तीच्या रकमेवर दरमहा एक टक्का दंड. करमुक्त खात्यावर महिन्याला आठशे डॉलर भरणारा तो गल्लीतला एकमेव माणूस ठरतो.

आणि या खात्यात कोणी फारच यशस्वी झालं तर? कॅनडाच्या कर न्यायालयासमोर आलेला एक खटला या बाबतीत वाचण्यासारखा आहे. एका गुंतवणूक सल्लागाराने २००९ पासून तीन वर्षं दरवर्षी ५,००० डॉलर आपल्या टीएफएसएमध्ये टाकले आणि फुटकळ भावाच्या शेअरांची सपाट्याने खरेदी-विक्री करून २०१२ च्या अखेरीस खातं सहा लाखांच्या पलीकडे नेलं. सरकारने म्हटलं, ही बचत नव्हे, हा धंदा आहे; धंद्याला कर लागतो. २०२३ मध्ये न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरली. काका ही गोष्ट फार चवीने सांगतात. मात्र ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही हा धोका लागू नसतो, हेही त्यांना माहीत असतं.

अमेरिकन शेअर टीएफएसएमध्ये ठेवला तर त्याच्या लाभांशातून अमेरिका पंधरा टक्के कापून घेते, आरआरएसपी या निवृत्तीच्या खात्यात ठेवला तर कापत नाही. हे एक वाक्य लक्षात ठेवणाऱ्याला दरवर्षी चार पैसे सुटतात. ते लक्षात मात्र कोणाच्याच राहत नाही.

लाभांश हा कॅनडाचा जीव की प्राण. कारणही तसंच आहे. बँक ऑफ मॉन्ट्रिअलने १८२९ पासून लाभांश देण्यात खंड पडू दिलेला नाही. मुंबई-ठाणे आगगाडी धावायला तेव्हा चोवीस वर्षं बाकी होती. बँका, रेल्वे, तेलवाहिन्या, फोन असल्या स्थिर कंपन्यांनी बाजाराचा मोठा भाग व्यापलेला. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं, हा बाजार म्हणजे पोस्टातली ठेव आहे, फक्त इंग्रजीत. मग त्याला बीसीई भेटते.

बीसीई म्हणजे बेल टेलिफोनचं घराणं. विधवा आणि अनाथांनी डोळे मिटून घ्यावा असा शेअर, असं पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं. २०२२ मध्ये भाव सत्तरीच्या पुढे होता. मग व्याजदर चढले, कर्ज जड झालं, स्पर्धा वाढली आणि २०२५ च्या वसंतात भाव तिशीवर आला. लाभांश होता शेअरमागे वर्षाला ३.९९ डॉलर, म्हणजे परतावा तेरा टक्क्यांच्या आसपास. मराठी मंडळाच्या स्नेहभोजनात एका गृहस्थांनी हे तेरा टक्के असे सांगितले, जणू घरात गुप्तधन निघालं. बँक चार टक्के द्यायला खळखळ करते तिथे बेल तेरा देते! काकांनी विचारलं, "भाव पडला म्हणून तेरा दिसतात की कंपनीने तेरा ठरवले?" गृहस्थांना हा प्रश्न अपशकुनी वाटला. मे महिन्यात कंपनीने लाभांश १.७५ वर आणला. गृहस्थ पुढच्या भेटीत गायनाविषयी बोलले.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. २००६ मध्ये इन्कम ट्रस्ट नावाची टूम जोरात होती. कंपनीने ट्रस्टचं रूप घेतलं की कंपनीचा कर टळायचा आणि बहुतेक नफा महिन्याच्या महिन्याला लोकांच्या हातात पडायचा. बीसीई आणि टेलसही त्या रांगेत उभ्या राहिल्या. अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनी ३१ ऑक्टोबरला संध्याकाळी जाहीर केलं की ही सवलत संपणार. मुलं भुतांचे मुखवटे घालून दारोदार चॉकलेटं मागत होती आणि आतल्या खोलीत आजोबा बातम्या बघत पांढरे पडत होते. दुसऱ्या दिवशी टोरंटोचा निर्देशांक २९४ अंकांनी कोसळला.

काकांच्या पिढीची जखम वेगळी. तिचं नाव नॉर्टेल. ब्रॅम्प्टनला मुख्यालय, इंटरनेटच्या जाळ्याची यंत्रसामग्री बनवणारी कंपनी, भारतीय इंजिनिअरांचं माहेर. २००० सालच्या उन्हाळ्यात शेअर १२४ डॉलरच्या वर गेला आणि टोरंटोच्या निर्देशांकाचा एक-तृतीयांशाहून जास्त भाग एकट्या नॉर्टेलने अडवला. "मी नॉर्टेल घेतलाच नाही" म्हणणाऱ्या सावध माणसाकडेही निर्देशांकाच्या फंडातून तो होताच. दोन वर्षांत भाव एका डॉलरच्या खाली. २००९ च्या जानेवारीत दिवाळखोरी. त्या काळात बाजारात असलेल्या कोणाही इंजिनिअरला "तंत्रज्ञानात टाकू का?" असं विचारून बघावं. तो आधी पाणी पितो.

यावरून बाजारात एक अंधश्रद्धा रुजली आहे आणि ती मुंबईच्या कुठल्याही दलालाला शोभेल अशी आहे. रॉयल बँकेला मागे टाकून देशातली सर्वांत मोठी कंपनी होईल तिला दृष्ट लागते. नॉर्टेल गेली. ब्लॅकबेरीवाली रिसर्च इन मोशन वर चढली, मग आयफोनपुढे तिचा निभाव लागला नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात व्हॅलिअंट नावाची औषध कंपनी पहिली आली. काही महिन्यांत हिशेबांवर आणि औषधांच्या किमतींवर बोंब उठली आणि पुढे तिला नावच बदलावं लागलं. २०२० मध्ये शॉपिफायने बँकेला ओलांडलं, दोन वर्षांनी भाव धाडकन आपटला. शॉपिफाय मात्र पुन्हा सावरली, त्यामुळे दृष्टवाल्यांची जरा अडचण झाली आहे. रॉयल बँक या सगळ्यात गृहकर्जाचे हप्ते गोळा करत बसली होती.

सोन्याच्या खाणीची टिप देणाऱ्यांना काका फक्त ब्री-एक्स एवढंच म्हणतात. कॅल्गरीच्या या कंपनीला बोर्नियोच्या जंगलात म्हणे सोन्याचं घबाड लागलं होतं. तिचं बाजारमूल्य सहा अब्ज डॉलरपर्यंत चढलं, आणि मोठमोठे पेन्शन फंडही त्यात उतरले. १९९७ मध्ये तपासणीत निघालं की खडकाच्या नमुन्यांत सोनं बाहेरून मिसळलेलं होतं. जमिनीत घेण्यासारखं काही नव्हतंच.

आता मराठी माणसाचा खास प्रश्न: "इथले शेअर घेऊन आपल्या देशाचा फायदा घेता येईल का?" येतो, आणि गंमत म्हणजे तो नकळतही घेतला जातो. टोरंटोची ब्रुकफील्ड कंपनी घेतली की पवई मागोमाग येते: २०१६ मध्ये ब्रुकफील्डने हिरानंदानींकडून तिथली कार्यालयं आणि दुकानं विकत घेतली. पवईच्या कचेरीत रात्री दहापर्यंत राबून वैतागलेला माणूस कॅनडाला येतो आणि पहिल्या पगारातून त्याच कचेरीच्या भिंतीत वाटा घेतो. हैदराबादला जन्मलेल्या प्रेम वत्सांची फेअरफॅक्स इंडिया टोरंटोच्या बाजारात आहे, तिचा भाव अमेरिकन डॉलरमध्ये असतो आणि तिची सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे बंगळुरूचा विमानतळ. एका शेअरमध्ये तीन देश.

मात्र देश थेट हातात ठेवला तर टी-अकरा-पस्तीस येतो. परदेशातल्या मालमत्तेची एकूण किंमत एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की हा फॉर्म भरायचा. राहण्यासाठी ठेवलेला फ्लॅट त्यात धरत नाहीत, भाड्याने दिलेला धरतात. भारतातले शेअर आणि ठेवीही त्यात येतात. आणि किंमत आजोबांनी मोजली ती नव्हे, माणूस कॅनडाचा रहिवासी झाला त्या दिवशीचा बाजारभाव. कोथरूडचा भाड्याचा फ्लॅट मग सहज मर्यादा ओलांडतो. यावर कर नाही, नुसती माहिती द्यायची. उशीर झाला तर दिवसाला २५ डॉलर, जास्तीत जास्त २,५०० डॉलर दंड. "पण भाडेकरू भाडंच देत नाही हो!" हे कारण चालत नाही.

एवढं सगळं ऐकून कोणीतरी एक जण ठामपणे म्हणतोच, "मी त्या शेअरच्या भानगडीत पडतच नाही. नोकरी करतो, घरी येतो." काका त्याला जाऊ देतात. त्याच्या पगारातून कॅनडा पेन्शन प्लॅनचे पैसे दर वेळी कापले जातात, आणि तो पेन्शन फंड जगभर शेअर, इमारती, रस्ते विकत घेत असतो. टोरंटोच्या डोक्यावरून जाणाऱ्या ४०७ या टोलच्या महामार्गात त्याचा मोठा हिस्सा आहे. हा रस्ता १९९९ मध्ये सरकारने नव्याण्णव वर्षांच्या करारावर देऊन टाकला आणि तेव्हापासून त्याच्या टोलबद्दल शहर कडाकडा बोटं मोडतं. आमचे हे गृहस्थ टोल वाचवायला ४०१ वर तासभर अडकतात आणि समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांकडे बघत ४०७ च्या मालकांना शिव्या देतात.