यात वाघ आहे

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची पुस्तकं आणि गोष्टींची पुस्तकं असतील. कायदा २००९ सालचा आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. आमच्या शाळेत हे सगळं आहे. फक्त ते एका लोखंडी कपाटात आहे, आणि त्याच कपाटात पोषण आहाराची मोठी कढई, पोलिओचे जुने बॅनर, निवडणुकीत उरलेला सुतळीचा गुंडा आणि २६ जानेवारीचा झेंडाही आहे. ग्रंथपाल हे पद आमच्या संचमान्यतेत नाही. ज्या बाईंकडे कपाटाची किल्ली, त्या ग्रंथपाल. किल्ली माझ्याकडे आहे.

शाळा डहाणू आणि तलासरीच्या मध्ये कुठेतरी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण या लेखात मोठे गुरुजी येणार आहेत आणि बदली होईपर्यंत मला इथेच राहायचं आहे. पश्चिमेला घोलवडच्या चिकूवाड्या आणि समुद्र, पूर्वेला डोंगर, उत्तरेला जीप जरा जास्त पुढे गेली की गुजरात. मी साताऱ्याकडची. ‘मुलांना काय वाचायला द्यावं’ या विषयावर मी इथे आले तेव्हा माझी मतं पक्की होती. ती अजूनही पक्की आहेत, फक्त आता त्यांना कोणी विचारत नाही.

शिफारशी वरून येतात. पीडीएफमध्ये येतात. ‘इयत्तानिहाय अवांतर वाचनासाठी सुचवलेली पुस्तके’ असं शीर्षक असतं, खाली ‘संस्कारक्षम’, ‘मूल्याधिष्ठित’ वगैरे शब्द असतात आणि सर्वात खाली, उपक्रमाचा फोटो सायंकाळी पाचपर्यंत पाठवावा, असं ठळक अक्षरात असतं. ही यादी मी इमानाने वर्गात वाचून दाखवायची. मुलं इमानाने ऐकायची. मग मधल्या सुट्टीत सगळी कपाटापाशी येऊन एकच विचारायची, “बाई, वाघाचं आहे का?”

तेव्हा मी शिफारशीचं खातं मुलांकडे सोपवलं. पुस्तक परत करताना आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवायची, पुढच्याने हे घ्यावं की नाही ते तिच्यावर लिहायचं. पहिली चिठ्ठी आली : ‘यात वाघ आहे.’ बस. ते पुस्तक पुढे पावसाळाभर कपाटात आलंच नाही. दुसरी चिठ्ठी : ‘वरच्या चित्रात वाघ आहे, आत नाही. घेऊ नये.’ वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांत इतकं स्वच्छ परीक्षण माझ्या तरी वाचनात नाही. तिथल्या परीक्षकाला पुन्हा लेखकाला भेटायचं असतं. इथल्या परीक्षकाला, पुस्तक टुकार निघालं तर पुढचा वाचक ओहोळावर गाठतो, एवढाच फरक.

या चिठ्ठ्यांनी मराठी बालसाहित्याची बरीच फेरमांडणी केली. ‘श्यामची आई’ हे माझं लाडकं पुस्तक. त्यात श्याम पोहायला घाबरतो, माळ्यावर लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने मारून विहिरीवर पाठवते. लहानपणी हा प्रसंग वाचताना मी रडले होते. आमच्या सहावीच्या वर्गाला तो मुळात पटलाच नाही. चालायला लागल्याबरोबर नदीत पडणारी ही पोरं. ‘एवढा मोठा होऊन पाण्याला घाबरतो. आईने बरोबर केलं. पण हे आधीच करायला पाहिजे होतं,’ अशी चिठ्ठी आहे. त्याखाली दुसऱ्या अक्षरात : ‘नंतर खूप रडारड आहे. ज्याला रडायला आवडतं त्याने घ्यावं.’ हे पुस्तक तेव्हापासून सातवीच्या मुलींकडे असतं.

फास्टर फेणेला मात्र विरोधक नाही. फुरसुंगी कुठे आहे ते कुणालाही ठाऊक नव्हतं, पण सायकल सगळ्यांना समजली. भा. रा. भागवतांनी त्याला जिभेने आवाज काढायची जी खोड लावून ठेवली आहे, ती दोन आठवड्यांत पहिलीपर्यंत पोचली. पाढे म्हणताना, हजेरी देताना, शेवटी अधिकारी तपासणीला आले असताना त्यांच्या प्रत्येक प्रश्नानंतर मागच्या बाकावरून तो आवाज यायचा. साहेबांनी मोठ्या गुरुजींना विचारलं, “छतात पाल आहे का?” गुरुजी म्हणाले, “हो साहेब, बरीच वर्षं.”

‘एक होता कार्व्हर’ आठवीतल्या एका मुलाने नेलं आणि तीन दिवसांनी विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प मांडला. कार्व्हरने भुईमुगापासून शेकडो वस्तू केल्या, तर डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळूनही आपण तो नुसताच का खातो, असा त्याचा सवाल. यादी चांगली होती. चिकूचे चिप्स, लोणचं, पावडर, हलवा, आणि पाचव्या क्रमांकावर वाइन. मोठे गुरुजी दचकले. मुलगा म्हणाला, “खोटं नाय गुरुजी, बोर्डीला काढतात. माझा काका चिकू पोचवतो.” आता खरी माहिती खोडायची कशी? शेवटी तक्त्यावर ‘इतर पेये’ असं लिहून आम्ही विज्ञानाची आणि शाळेची दोघांची अब्रू राखली.

ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी चिठ्ठीवर चित्रं काढली, आणि इथे तर माझी बोलतीच बंद झाली. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. लग्नाचा चौक भिंतीवर बायका लिहायच्या, त्या काळात या बाप्याने ते काम हातात घेतलं आणि जगभर नेलं; २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा मुलखातल्या पहिलीच्या पोराला दोन त्रिकोण दिले की तो त्यातून माणूस उभा करतो, आणि तो माणूस कंटाळला आहे हेही दाखवतो. ‘कंटाळवाणं पुस्तक’ याची खूण आमच्याकडे आडवा झालेला त्रिकोणी माणूस अशी ठरून गेली. मूल्यशिक्षणाच्या एका संचावर असे अकरा जण ओळीने झोपले आहेत.

(आमच्या शाळेच्या बाहेरच्या भिंतीवरही वारली चित्रं आहेत. ती ठेकेदाराने लांबून रंगारी आणून काढून घेतली. त्यात तारपा वाजवणारा नाचाच्या गोलाबाहेर एकटा उभा आहे. मुलं जाता-येता त्याच्याकडे कीव करून बघतात.)

कपाटात दुसरा एक विभाग आहे, दानाचा. समग्र शिक्षातून ग्रंथालयाला वर्षाला ५,००० ते २०,००० रुपये मिळतात, शाळेच्या स्तराप्रमाणे. आमचा स्तर खालचा. उरलेली भूक मुंबईकर भागवतात. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल आली आणि तिच्याबरोबर एकसारखे टी-शर्ट घातलेले दाते आले. घर आवरताना निघालेली पुस्तकं ते मोठ्या प्रेमाने आणतात : ‘मधुमेह आणि आहार’, ‘शेअर बाजारात यशस्वी व्हा’, एका स्पर्धा परीक्षेची जुनी मार्गदर्शिका, वास्तुशास्त्र. फोटो काढताना पुस्तकाचं नाव दिसेल असं धरायला सांगतात. आमच्या दुसरीतल्या मुलीचा ‘निवृत्तीनंतरचे नियोजन’ हातात धरलेला हसरा फोटो कुणाच्या तरी वार्षिक अहवालात असणार.

पण रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम सांगितले, त्यांतला एक असा की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक असतो. मद्रासमध्ये बसून त्यांना हे कसं कळलं कोण जाणे, कारण आमच्या ग्रंथालयातलं सर्वाधिक मागणीचं पुस्तक दानातूनच आलं : ‘घरगुती वायरिंग’. ते मुलांच्या नावावर जातं आणि बाप वाचतात. चिठ्ठीवर लिहिलंय : ‘आमच्या घरी याने बल्ब लागला. पान ४० वरचं करू नये.’

आता उपक्रम. वाचनाचे सगळे सण ज्यांनी ठरवले त्यांनी भात लावलेलं नसावं. १५ ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, वाचन प्रेरणा दिन. नेमकी तेव्हा हळव्या भाताची कापणी. प्रेरणा शाळेत हजर, वाचक शेतात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, तेव्हा निम्मी घरं कुलूप लावून वीटभट्टीवर. जुलैत सगळे गावात असतात, पण चिखलात गुडघाभर उभे. त्यामुळे आमचे उपक्रम तारखेला फोटोपुरते होतात आणि प्रत्यक्षात जमेल तेव्हा.

एका वर्षी मोठ्या गुरुजींनी ग्रंथदिंडी काढायची ठरवली. पालखी सजली, पुस्तकं बसली, कार्व्हर आणि वायरिंग शेजारी शेजारी. टाळ-मृदंग गावात नव्हता. मी म्हटलं, तारपा घेऊ या. चौथीतल्या एका मुलाचे आजोबा नामांकित तारपेवाले. ते आले, तारपा लावला, आणि पहिल्याच सुराला दिंडीची साखळी झाली. दिंडी पुढे जाण्यासाठी असते हे मला ठाऊक होतं. तारपा नाच गोल फिरतो हेही ठाऊक होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध मात्र तेव्हाच दिसला. आजोबा मधोमध, त्यांना वेटाळून मुलं, मुलांना वेटाळून आया, आणि तारप्याकडे कुणी पाठ करायची नसते, त्यामुळे पुढे बघून चालायचा प्रश्नच नाही. पालखीचे भोईही गोलात ओढले गेले. ग्रामपंचायतीच्या पायरीवर प्रमुख पाहुणे नारळ घेऊन उभे. गुरुजी दर फेरीला आजोबांच्या कानाशी जाऊन सांगत होते, “बाबा, जरा पुढे सरका.” आजोबांच्या तोंडात तारपा, ते उत्तर कसं देणार? शेवटी पाहुणेच चालत आले, चपला काढून साखळीत शिरले आणि भाषण विसरले. ग्रंथदिंडी शाळेच्या पटांगणात निघून शाळेच्या पटांगणातच पोचली. अहवालात आम्ही ‘दिंडीने परिक्रमा केली’ असं लिहिलं.

कपाटाबाहेर पुस्तकं पडायचं खरं श्रेय मात्र भूकंपाचं. २०१८च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या आसपास जमीन हलायला लागली आणि पुढे महिनोन् महिने हलत राहिली. ती गंमत नव्हती; घरांना तडे गेले, लोक थंडीत तंबूत झोपले. हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेची यंत्रं आली. आमची मुलं यंत्राच्या आधी आकडा सांगू लागली, “बाई, हा तीनच्या आतला.” वर्ग झाडाखाली भरू लागले आणि लोखंडी कपाटाजवळ कुणी जाईना, मीही. तेव्हा एका दमात पुस्तकं बाहेर काढली आणि निवडणुकीची सुतळी आंब्याला बांधून, डहाणूच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालतात तशी ती लटकवली. रजिस्टर नाही, किल्ली नाही. पोरं येता-जाता पुस्तक काढायची, फांदीवर बसून वाचायची, परत अडकवायची. तोवर कधी कपाटापाशी न आलेली मुलंही. भूकंपामुळे वाचनसंस्कृती वाढीस लागली, हे वाक्य मी अहवालात लिहिलं होतं. गुरुजींनी खोडलं. म्हणाले, “वरच्यांना वाटेल आपण आणखी मागतोय.”

खरं तर यात माझा शोध काहीच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत हेच सुरू केलं आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेलं : मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावं. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा, शिकायला शंख-शिंपले, बिया, पानं. त्यांचं काम एवढं वाढलं याचं एक कारण मला राहून राहून वाटतं, त्यांना कुठली लिंक भरायची नव्हती.

त्याच १९४५ मधलं, तलासरीतल्या झरीचं अधिवेशन, वेठबिगारीविरुद्ध उठलेले वारली, हे सगळं गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं हे पुस्तक कपाटात सर्वात मागे, कढईखाली होतं. झाडाखाली एका शनिवारी मी त्यातलं वाचत होते, मुलं चुळबुळत होती. नातवाला न्यायला आलेल्या एका आजी कडेला उकिडव्या बसल्या. “गोदूताय का?” म्हणाल्या. मग मी एक पान वाचायची आणि त्या त्याच्या पुढची दोन पानं सांगायच्या, त्यांच्या बोलीत, हातवारे करून. मुलांनी पुस्तकाकडे पाठ फिरवली आणि आजींकडे तोंड केलं. संपल्यावर मी विचारलं, “आजी, पुस्तक कसं वाटलं?”

“खरं आहे,” आजी म्हणाल्या, “पण थोडक्यात लिहिलंय.”

सोमवारी पुस्तकात चिठ्ठी होती : ‘यात आपल्या जवळचं गाव आहे. वाघ नाही, सावकार आहे. पण शेवटी आपण जिंकतो.’

दिवाळीनंतर गाव रिकामं होतं. ट्रक येतात, भिवंडी, वसई, कुठे कुठे. जाणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे तिकडची शाळा त्याला बसवून घेते. पाचवीतला एक जण कार्ड घेऊन निघाला तेव्हा त्याच्या पिशवीत भांड्यांमध्ये फास्टर फेणे होता. जूनमध्ये मुलगा आला, पुस्तक आलं नाही. “भट्टीवर मोखाड्याच्या पोराकडे आहे, बाई. त्याने जव्हारवाल्याला दिलं तर माहीत नाय. पण चिठ्ठी लावलीय मी.” पडताळणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, “पुस्तक क्रमांक ११२ कुठे?” मी म्हटलं, “स्थलांतरित.” असा रकाना रजिस्टरला नव्हता. साहेबांनी ‘पूर्तता करावी’ असा शेरा मारला.

मी पूर्तता केली. कोरं हमी कार्ड घेतलं आणि भरलं. नाव : फेणे बनेश. मूळ गाव : फुरसुंगी. सध्याची शाळा : आमची. स्थलांतराचं ठिकाण : भिवंडीची वीटभट्टी, तिथून पुढे जव्हार अथवा मोखाडा. कारण : हंगामी. आणि सहीसाठी मोठ्या गुरुजींपुढे ठेवलं.

गुरुजींनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत वाचलं, शिक्का उचलला आणि थांबले.

“बाई,” ते म्हणाले, “याचा आधार क्रमांक?”