औषध पास, कंपनी नापास

आयसीयूबाहेर नातेवाइकांच्या हाती कल्चर रिपोर्ट येतो. एका रकान्यात अँटिबायोटिक्सची नावं, त्यांच्यापुढे एकच अक्षर : आर, आर, आर. म्हणजे रेझिस्टंट. जंतू कुणालाच जुमानत नाहीत. मग डॉक्टर कोलिस्टिन काढतात. 1950च्या दशकातलं, किडनीवर बेतू शकणारं.

नवं औषध का नाही? ठरलेलं उत्तर येतं : संशोधन महाग आहे. आहेच. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेल्या दहा औषधांपैकी साधारण नऊ तिथेच गळतात. पण गळालं नाही, त्याचं काय होतं तेही पाहा.

अकाओजेन ही अमेरिकन कंपनी. मूत्रमार्गाच्या चिवट संसर्गावरचं तिचं प्लाझोमायसिन जून 2018मध्ये मंजूर झालं. त्यापायी पंधरा वर्षं आणि सुमारे शंभर कोटी डॉलर गेले होते. एप्रिल 2019मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. तोवर कंपनीची मालमत्ता लिलावात निघाली होती. प्लाझोमायसिन मुंबईच्या सिप्लाकडे गेलं.

खोट औषधात नव्हती, हिशेबात होती. नवं अँटिबायोटिक जपूनच वापरायचं असतं, नाहीतर जंतू त्यालाही सरावतात. ते कमी खपण्यातच सगळ्यांचं भलं. कंपनीला पैसा मात्र खपावर. पकडलेल्या चोरामागे पगार द्यायचा म्हटलं, तर रखवालदार टिकेल कसा?

ब्रिटनने हा गुंता सोडवायला घेतला. 2022 पासून तिथली सरकारी आरोग्यसेवा दोन अँटिबायोटिक्ससाठी वर्षाला ठरावीक रक्कम देऊ लागली, मग वापर कितीही होवो.

आपल्याकडे? वोखार्टने न्यूमोनियावरचं नॅफिथ्रोमायसिन तयार केलं. 2024मध्ये सरकारनेच अभिमानाने सांगितलं, की त्यामागे सुमारे 500 कोटी रुपये खर्च झाले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांसाठी बायरॅक या सरकारी संस्थेने दिले 8 कोटी. श्रेयात वाटा मोठा हवा, तर खर्चातही हवा.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. चिवट जंतूंवरच्या नव्या औषधाला केंद्राने वार्षिक हमी रक्कम द्यावी. बदल्यात किंमत आटोक्यात ठेवण्याची आणि सरकारी रुग्णालयांना पुरवठ्याची अट घालावी. आणि चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणाऱ्या मेडिकलवर कारवाई व्हावी. ठरावीक अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणारा शेड्यूल एच-1चा नियम 2014पासून लागू आहे, तरी काउंटरवर गोळ्यांची पट्टी कापून मिळतेच. अशाने पंधरा वर्षांची मेहनत पाच वर्षांत वाया जाईल.

प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंनी 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं थेट मारली. हा आकडा समोर असताना ‘परवडत नाही’ हे उत्तर कुठल्याच सरकारने देऊ नये.