मुकादम पारखून घ्या!

मध्यस्थ कसा पारखावा, हे बीडकरांना शिकवायला नको. ऊसतोडीला नवराबायको दोघं जातात, पण मुकादमाच्या हिशेबात ते ‘एक कोयता’. वेब स्क्रेपिंगमधल्या मध्यस्थाचा, म्हणजे प्रॉक्सीचा, हिशेब नेमका उलटा: माहिती ओरबाडणारं यंत्र एकच, पण दरवेळी नव्या आयपी पत्त्यावरून जातं, समोरच्याला वाटावं, हजार माणसं आली! ‘रेसिडेन्शियल’ प्रॉक्सी म्हणजे पत्ता कुणाच्या तरी घरचा. अनेकदा त्या घरालाच त्याचा पत्ता नसतो. २०२४ मध्ये अमेरिकेने मोडून काढलेल्या ‘९११ एस५’ जाळ्यात असे १ कोटी ९० लाख पत्ते होते. फुकटचं व्हीपीएन ही उचल; ते घेतलं की घरचा पत्ता जाळ्यात! तेव्हा प्रॉक्सी घेताना दर आणि वेग नंतर. आधी विचारा: हे पत्ते कुणाचे, आणि त्यांना विचारलं होतं का?