डॉल्फिन दाखवण्याचा कार्यक्रम

देवबागच्या किनाऱ्यावर सकाळी साडेसातला आमच्या साडूंनी होडीवाल्याला विचारलं, "नक्की दाखवणार ना?"

"दिसलो तर दिसलो," होडीवाला म्हणाला. "तो काय माझ्या पगारावर नाय."

साडूंना हे पटलं नाही. माणशी तीनशे रुपये मोजायचे आणि समोरच्या पार्टीने आपल्या लहरीप्रमाणे वागायचं, मग ग्राहक मंच कशाला काढलाय? गोव्यात ‘डॉल्फिन नाही तर पैसे नाहीत’ अशी रोखठोक जाहिरात चालते, हेही त्यांनी ऐकवलं. होडीवाल्याने लाइफ जॅकेटांचा ढीग पुढे सरकवला. त्या जॅकेटांना कालच्या, परवाच्या आणि बहुधा गेल्या नाताळच्या पर्यटकांचा वास होता.

आम्ही अकरा जण होतो. साडू, मेहुणी, त्यांचा चिरंजीव, आत्याबाई, सोसायटीतली दोन कुटुंबं आणि एक ब्लूटूथ स्पीकर. होडीत चढताना मला हा सगळा प्रकार कुठेतरी पाहिल्यासारखा वाटत होता. कारलीच्या मुखाशी पोचलो तेव्हा लक्षात आलं. हा मुलगी बघायचा कार्यक्रम! तसाच घोळका, तशीच आत्याबाई, तसाच मध्यस्थ. ज्याला बघायला निघालोत त्याला कुणी विचारलेलं नाही, हेही तसंच.

फोटोतला घोटाळाही तोच. किनाऱ्यावरच्या पाटीवर निळाशार, तुकतुकीत डॉल्फिन लाल सूर्यावरून उडी मारत हसत असतो. तो बॉटलनोज, सिनेमातला आणि परदेशी तलावांतला. आपल्या किनाऱ्यालगत, खाड्यांच्या तोंडाशी उथळ पाण्यात जो बारमाही राहतो तो हंपबॅक. अंगाने करडा, स्वभावाने भिडस्त. पाठीवर बैलासारखं लांबट वशिंड आणि त्या वशिंडावर चिमुकला पर. उड्याबिड्यांची फारशी हौस नाही. पाण्याबाहेर पाठ काढतो, दोनेक सेकंदांत आत जातो.

"थंय बघा, थंय! इलो!" होडीवाला ओरडला.

अकरा जण एका बाजूला धावले आणि होडी कलली. काहीतरी करडं वर आलं, ‘फुस्स’ असा आवाज झाला, गेलं.

"रंगाने जरा डावाच," आत्याबाई म्हणाल्या.

"पाठीत बाक आहे का हो?" मेहुणीने विचारलं.

नाकीडोळी नीटस म्हणावं, तर नाक टाळूवर! आणि खरी गंमत तिथेच आहे. तो मासा नव्हे. त्याला आपल्यासारखी फुप्फुसं आहेत, त्यामुळे दर थोड्या वेळाने श्वास घ्यायला वर यावंच लागतं. ज्याला आपण ‘दर्शन दिलं’ म्हणतो, ते त्याचं श्वास घेणं असतं. मी दादर स्टेशनच्या जिन्यावर धापा टाकत उभा राहिलो आणि सत्तर माणसांनी शिट्ट्या मारत मोबाइल वर केले, तर मला कसं वाटेल, याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात साडूंच्या चिरंजिवांनी विचारलं, "उडी कधी मारणार?"

सत्तर हा आकडा मी उगाच नाही काढला. एव्हाना सात होड्या जमल्या होत्या. एका होडीवाल्याने बोट दाखवलं की बाकीच्या सहा तिकडे सुसाट. मग तो दुसरीकडे वर यायचा, की पुन्हा सगळी वरात तिकडे. होड्यांच्या त्या रिंगणात श्वास घ्यायला सोयीची जागा कुठली, एवढाच हिशेब त्याच्याकडे उरला असावा. न्यूझीलंडमध्ये १९९२ पासून नियम आहे, की अशा प्राण्याच्या ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा जास्त नावा नकोत. आपल्याकडे तीनच होड्या दिसल्या तर लोकांना वाटतं, इथे डॉल्फिन नसणार.

बरं, हा गरीब प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांवर नाही, कानांवर जगतो. स्वतः टिकटिक आवाज सोडायचा, तो माशावर, खडकावर आपटून परत आला की अंदाज घ्यायचा. जेवण शोधणं, पिल्लाला हाक मारणं, सगळं आवाजावर. त्यात सात आउटबोर्ड मशिनं. म्हणजे तुम्ही ताटावर बसलाय आणि घरात सात मिक्सर चालू आहेत, शिवाय दिवे गेलेत. तरी आमच्या स्पीकरवरचं कोळीगीत मी यात धरलेलं नाही. ते लावण्यामागे साडूंचा हेतू शुद्ध होता. समुद्रातल्या प्राण्याला समुद्रातलंच गाणं आवडेल, असा.

कायद्यात याचं स्थान फार वरचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्या पंगतीला बसतो. जागतिक लाल यादीतही हा हंपबॅक ‘धोक्यात’ आहे. पण वाघ बघायला ताडोब्यात जायचं तर महिनोन् महिने आधी बुकिंग, गेट, वेळ, जिप्सी, गाइड, ‘आवाज करू नका’. इथे त्याच पंगतीतल्या पाहुण्याला बघायला लाइफ जॅकेटची चेन लागली की झालं. तीही आत्याबाईंची लागली नव्हती. मला वाटतं, वाघ चावतो, म्हणून त्याला नियम आहेत. डॉल्फिनच्या तोंडाची ठेवणच हसरी. जो हसतो त्याला आपल्याकडे कोण विचारतो? त्याच्या जिवाला खरा घोर तर मासेमारीच्या जाळ्यांचा. अडकला की वर येता येत नाही, आणि श्वास घेणारा प्राणी पाण्यातच गुदमरतो. पण जाळं काही तिकीट लावून बघता येत नाही.

"व्हेल दाखवता का?" साडूंनी पुढचा प्रश्न टाकला. डॉल्फिन आता त्यांना किरकोळ वाटू लागला होता.

"देवमासो?" होडीवाला हसला. "त्येचो नंबर नाय माझ्याकडे."

देवमासा या नावातच आपण त्याची वासलात लावून ठेवली आहे. तो देव नाही आणि मासाही नाही. अरबी समुद्रात तो आहे, एवढं खरं. इथले हंपबॅक व्हेल तर जगात वेगळे. बाकीचे हंपबॅक ऋतूप्रमाणे हजारो किलोमीटरची ये-जा करतात, हे मात्र बदलीचा हुकूम रद्द करून घेतलेल्या कर्मचाऱ्यासारखे बारा महिने इथेच. पण आपली आणि व्हेलची गाठ पडते ती बहुतेक वेळा वाळूवर. २०२३ च्या दिवाळीत गणपतीपुळ्याला व्हेलचं पिल्लू किनाऱ्याला लागलं. माणसांनी जिवाचं रान करून त्याला पाण्यात लोटलं, ते परत आलं, आणि वाचलं नाही. बघायला गर्दी केवढी! तिकीटही नव्हतं.

एरवी आपल्याला व्हेल माहीत आहे तो पोलीस बातम्यांतून. ‘व्हेल माशाची कोट्यवधींची उलटी जप्त’ ही बातमी इतक्या नेमाने येते, की पेपरवाल्यांनी तो ब्लॉक जुळवूनच ठेवला असावा. स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा हा मेणचट ऐवज, अत्तरवाल्यांच्या कामाचा, आपल्याकडे बाळगणंही गुन्हा. ज्यांनी जिवंत व्हेल पाहिलाय अशी माणसं मला महाराष्ट्रात बोटावर मोजण्याइतकी माहीत आहेत. त्याची उलटी लॉजवर विकायला बसलेली मात्र दर महिन्याला नवी सापडतात. इतकी उलटी त्याने खरंच केली असेल, तर त्याला आधी डॉक्टरकडे न्यायला हवं.

परतताना होडीवाल्याने मशीन बंद केलं. बाकीच्या सहा होड्या त्सुनामी बेटाकडे बनाना राइडला निघून गेल्या होत्या. आमच्या होडीत सगळे माना खाली घालून आपापला व्हिडिओ तपासत होते. चिरंजिवांच्या चार मिनिटांच्या चित्रणात साडूंचं कोपर, भरपूर पाणी आणि "कुठंय? कुठंय?" एवढं सापडलं. तेवढ्यात डाव्या अंगाला, वल्ह्याने शिवता येईल इतक्या जवळ, एक पाठ वर आली आणि तिला चिकटून दुसरी, अगदी लहान. फुस्स. आणि मग बारकं फुस्स.

होडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. दोघांनीही तोंड उघडलं नाही.

किनाऱ्याला लागल्यावर त्याने साडूंना हात देऊन उतरवलं आणि विचारलं, "काय, आवडलो मा?"

साडूंनी चप्पल झटकली, वाळू काढली, बायकोकडे एकदा बघितलं.

"बघू," ते म्हणाले. "परवा हर्णैला अजून एक बघायचाय. मग कळवतो."